उसनी माती

आठवड्यातल्या एका दिवशी मला दोन अगदी वेगळे तास घ्यावे लागतात. सकाळी पदवीच्या दुसऱ्या वर्षाला व्यावहारिक मराठी आणि दुपारी एम.ए.ला एकोणिसाव्या शतकातले वैचारिक गद्य. सकाळच्या तासाला निविदा सूचना हा लेखनप्रकार असतो, दुपारी जोतीराव फुले यांचा 'शेतकऱ्याचा असूड'. या दोन तासांचा एकमेकांशी काही संबंध असेल असे माझ्या मनात अनेक वर्षे आले नव्हते. तो संबंध एका विद्यार्थिनीच्या प्रश्नाने जोडला. एरवी साहित्याची चर्चा चालते अशा जागी सरकारी खरेदीविषयी लिहिण्याचे धाडस मी करते आहे, त्याचे कारण तेवढेच.

निविदा सूचना शिकवणे सोपे असते. कामाचे नाव, अंदाजित रक्कम, बयाणा रक्कम, कामाची मुदत, कोऱ्या निविदा विक्रीचा कालावधी (हे आता ऑनलाइन झाले, पण क्रमिक पुस्तकातून अजून गेलेले नाही), निविदा उघडण्याचा दिनांक, आणि शेवटी कोणतीही निविदा कारण न देता नाकारण्याचा अधिकार राखून ठेवल्याचे ते सुपरिचित वाक्य. 'निविदा' या शब्दाची व्युत्पत्ती मी आवर्जून सांगते. निवेदन ज्या धातूपासून आले त्याच धातूपासून निविदा आली; जाणवून देणे, कळवणे हा तिचा मूळ अर्थ. आमच्या गावाबाहेरून जाणाऱ्या वळणरस्त्याची सूचना त्या दिवशी नमुना म्हणून घेतली होती. वर्गातल्या एका मुलीचे गाव त्या रस्त्यालगत आहे. तिने विचारले, "मॅडम, यात आमची टेकडी कुठे लिहिली आहे?"

मला प्रश्न कळला नाही. मग तिने सांगितले. गावामागची गायरानातली टेकडी, जिच्यावर पावसाळ्यात गुरे चरत, ती रस्त्याच्या कामात दोन उन्हाळ्यांत अर्धी झाली. ती माती आणि तो मुरूम रस्त्याखाली गेला. एवढी मोठी वस्तू या कामासाठी घेतली, तर ती कागदावर कुठे तरी असायला हवी, असे तिचे सरळ म्हणणे होते.

टेकडी कागदावर नव्हती. मी नंतर ओळखीच्या एका अभियंत्याकडून निविदेचे पूर्ण बाड मिळवले आणि साहित्याच्या प्राध्यापकाला शोभेल अशा चिकाटीने वाचले. टेकडी तिथेही नव्हती. तिथे होते 'भरावाचे काम', त्याचे घनमीटर, त्याचा दर, आणि माती कंत्राटदाराने स्वतः उपलब्ध करून घ्यावी अशा आशयाचे एक कलम. रस्तेबांधणीच्या इंग्रजीत अशी माती जिथून काढतात त्या जागेला 'बरो एरिया' म्हणतात. बरो म्हणजे उसने घेणे. आपल्याकडे साइटवरचे लोकही 'बरो'च म्हणतात, मराठी शब्द रुळलेला नाही. 'उसनी माती' असा एखादा रुळला असता तर मग कदाचित कोणी तरी विचारले असते की ही उसनवारी फेडायची कधी आणि कोणाला. परभाषेतला शब्द तसाच उचलला की त्याचा अर्थ आपल्याला टोचत नाही.

ही उसनवारी किती मोठी असते याचा एक ढोबळ हिशोब वाचकांनी करून पाहावा. वर बारा मीटर रुंद, दोन मीटर उंच आणि दोन्ही अंगांना एकास दोन उतार असलेला भराव घेतला, तर त्याच्या छेदाचे क्षेत्रफळ ३२ चौरस मीटर होते. म्हणजे एका किलोमीटरला ३२ हजार घनमीटर माती. आपल्या बोलीतल्या मापात सांगायचे तर अकरा हजार ब्रासहून अधिक. पाच ब्रासचा हायवा धरला तर दोन हजारांहून जास्त खेपा, आणि हे फक्त एका किलोमीटरचे. महाराष्ट्रात गेल्या काही वर्षांत झालेल्या रस्त्यांच्या लांबीने याला गुणले की टेकड्या कुठे गेल्या हे समजायला भूगोलाच्या पुस्तकाची गरज उरत नाही.

आता सगळीकडे 'शाश्वत खरेदी' हा शब्दप्रयोग ऐकू येतो. सरकारी मराठीत 'शाश्वत प्रापण' असेही लिहितात, जे ऐकून वर्गातील मुले हमखास हसतात. 'शाश्वत' हा आपल्याकडे आत्म्याचे विशेषण म्हणून वाढलेला शब्द. तो खरेदीला लावला की खरेदी आध्यात्मिक होते आणि प्रश्न हातातून निसटतो. मूळ कल्पना मात्र अगदी संसारी आहे. घरची बाई बाजारातून वस्तू आणताना जे बघते तेच सरकारने बघावे: ही वस्तू आली कुठून, टिकेल किती, आणि ती आणल्याने घरातले दुसरे काही मोडणार तर नाही. सार्वजनिक बांधकाम खाते, महामार्ग प्राधिकरण, पाटबंधारे महामंडळ, रेल्वे हे देशातले सर्वांत मोठे गिऱ्हाईक. एवढे मोठे गिऱ्हाईक काय विचारते यावर बाजार कसा वागेल ते ठरते. आपले हे गिऱ्हाईक आजवर प्रामुख्याने एकच प्रश्न विचारत आले आहे: सर्वांत कमी किती?

या प्रश्नाचे व्याकरण दरसूचीत आहे. दरसूची हा मला विलक्षण ग्रंथ वाटतो. मुरुमाच्या भरावाचा दर म्हणजे खोदणे, भरणे, वाहणे, पसरणे, पाणी मारणे, रोलरने दाबणे, आणि वर गौण खनिजाचे स्वामित्वधन. वाहतुकीचे अंतर, ज्याला त्या जगात 'लीड' म्हणतात, जितके वाढेल तितका खर्च वाढतो. म्हणजे जवळची माती स्वस्त आणि लांबची महाग. त्यातून 'बिलो' जाण्याची, म्हणजे अंदाजपत्रकाहून कमी दर भरून काम पटकावण्याची चढाओढ असेल तर कंत्राटदाराने सर्वांत जवळची टेकडी गाठणे हा केवळ त्याचा स्वभावदोष म्हणता येत नाही. आपण त्याला तसे वाचायला लावणारा मजकूर हातात दिलेला आहे. टेकडीने अडवलेले पाणी, तिच्यावरचे गवत, तिच्या आडोशाला असलेली विहीर, यांच्यासाठी दरसूचीत रकानाच नाही. ज्याला रकाना नाही त्याची किंमत शून्य धरली जाते, आणि शून्य किमतीची वस्तू सर्वांत स्वस्त असल्यामुळे तीच आधी संपते.

कायद्यानेही या मातीला एक नाव देऊन पाहिले. २८ मार्च २०२० रोजी, देशभर टाळेबंदी असताना, केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने एक अधिसूचना काढली. रस्ते, जलवाहिन्या यांसारख्या 'रेषीय प्रकल्पां'साठी 'सामान्य माती' काढायची असेल तर पूर्व पर्यावरण मंजुरीची गरज नाही, असे तीत होते. २१ मार्च २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ही सवलत रद्द केली. निकालातली कारणे साहित्याच्या विद्यार्थ्याने जरूर वाचावीत, कारण त्यातली काही चक्क शब्दार्थाची आहेत: रेषीय प्रकल्प म्हणजे काय याची व्याख्या नाही, किती माती काढायची याला मर्यादा नाही, आणि अशी सूट देण्याआधी लोकांच्या हरकती मागवणे टाळले. पुढे मार्च २०२५ मध्ये मंत्रालयाने काही मर्यादा आणि कार्यपद्धती घालून ही सवलत नव्या रूपात आणली. मला अडकते ते 'सामान्य' या विशेषणाशी. गावाला ती टेकडी सामान्य नव्हती. माती ज्याला फक्त घनमीटरात दिसते त्यालाच ती सामान्य असते.

आता दुपारचा तास.

जोतीराव फुले स्वतः कंत्राटदार होते, ही गोष्ट आपण अभ्यासक्रमात चरित्राच्या एका ओळीत उरकतो. येरवड्याचा पूल, खडकवासल्याचे धरण अशा कामांशी त्यांच्या व्यवसायाचा संबंध चरित्रकार सांगतात. दगड, चुना, विटा यांचा व्यवहार त्यांनी आतून पाहिला होता. इंजिनियर खात्याच्या कारभाराविषयी ते लिहितात तेव्हा त्या लेखनाला जी धार येते ती केवळ सुधारकाची नाही. बिले कशी होतात आणि मजुराच्या हातावर काय पडते हे माहीत असलेल्या माणसाची ती धार आहे. १८८३ साली लिहिलेल्या 'असूडा'त धरणाचे पाणी शेतकऱ्याला वेळेवर आणि पुरेसे मिळत नाही, याची तक्रार आहेच. शिवाय प्रत्येकाच्या जमिनीपुरते पाणी मिळेल अशी तोटी बसवावी, इतकी बारीक सूचनाही आहे. आणि त्याच ग्रंथात, उपाय सांगताना, ते सरकारकडे मागतात की नदीनाल्यांत आणि तलावांत साचलेला गाळ पूर्वीप्रमाणे शेतकऱ्यांना फुकट नेऊ द्यावा, आणि जंगलखात्यात घातलेली गायराने गावांना परत करावीत. गाळ आणि गायरान या दोन्ही मागण्या त्यांनी एकाच ओघात केल्या आहेत. त्या दुपारी हे पान शिकवताना मी थांबले. सकाळच्या प्रश्नातली टेकडी गायरानातली होती आणि तिच्यापासून जेमतेम तीन किलोमीटरवर एक पाझर तलाव गाळाने भरून पडला आहे. निविदा काढणाऱ्या कार्यालयाच्या खिडकीतून कदाचित दोन्ही दिसत असतील.

ही नुसती कल्पना नाही. बुलढाणा जिल्ह्यात गेल्या दशकाच्या अखेरीस नेमके हेच केले गेले. राष्ट्रीय महामार्गाच्या भरावासाठी लागणारी माती-मुरूम डोंगर फोडून न आणता तलाव, नाले खोल करून काढायची. रस्त्याला माती मिळावी आणि गावाला पाणीसाठा. 'बुलढाणा पॅटर्न' म्हणून ते प्रसिद्ध झाले, नीती आयोगानेही त्याची दखल घेतली. २०२२ मध्ये सुरू झालेल्या अमृत सरोवर मोहिमेत तळी खोदून निघणारी माती रेल्वे आणि रस्त्यांच्या कामांना द्यावी, हा विचार याच वाटेने गेलेला आहे. मला यात सर्वांत महत्त्वाचे वाटते ते यंत्र किंवा तंत्र नव्हे. माती कुठून घ्यायची हे काम सुरू होण्याआधी ठरले आणि कागदावर आले, हे त्यातले खरे वेगळेपण. जलसंधारणाची फाइल आणि महामार्गाची फाइल एकमेकींना भेटल्या. त्या एरवी भेटत नाहीत, कारण त्यांची अंदाजपत्रके वेगळी आणि साहेब वेगळे.

अर्थात पॅटर्न हा शब्द आला की मी थोडी सावध होते. महाराष्ट्राला पॅटर्नचे वेड आहे. एखाद्या जिल्ह्यात समजून उमजून झालेले काम दुसऱ्या जिल्ह्यात उद्दिष्ट म्हणून उतरते आणि त्याचा आत्मा वाटेत सांडतो. तलावातून निघते ती सगळी माती रस्त्याला चालत नाही. वरचा काळा गाळ पावसात फुगतो, उन्हाळ्यात आक्रसून भेगाळतो. भरावात तो घातला तर रस्ता खचेल. तो गाळ शेतात जायला हवा. भरावाला चालतो तो त्याखालचा मुरूम. म्हणजे निसर्गानेच वाटणी करून ठेवली आहे: वरचे शेतकऱ्याचे, खालचे रस्त्याचे. पण ही वाटणी करारात लिहिली नाही तर काय होते? कंत्राटदाराला हवा मुरूम, गाळ त्याला अडचण. तो काठावर ढीग लावून मोकळा होतो आणि पहिल्या पावसात गाळ पुन्हा तलावात उतरतो. किंवा मुरूम संपेपर्यंत खोदत जातो आणि नाल्याचा तळच मोडतो. जलयुक्त शिवाराच्या काळात नाला खोलीकरणाच्या अतिरेकावर जाणकारांनी घेतलेले आक्षेप आठवावेत. किती खोल जायचे हे पाण्याच्या गरजेने ठरायला हवे, भरावाच्या घनमीटरांनी नव्हे. फुल्यांच्या मागणीतला 'शेतकऱ्यांना' हा चतुर्थीचा प्रत्यय विसरला गेला तर तलावही एक 'बरो एरिया'च होईल, इतकेच.

शब्द बांधील असेल तर काय होते, आणि नसेल तर काय, याचे उदाहरण राखेचे आहे. औष्णिक वीज केंद्रांची राख वापरण्याविषयीची पहिली केंद्रीय अधिसूचना १९९९ ची. पुढच्या दुरुस्त्यांत तिच्यातली अंतरे वाढली: केंद्रापासून १०० किलोमीटर, मग २०१६ मध्ये ३०० किलोमीटर, आणि वाहतुकीचा खर्च कोणी किती उचलायचा हेही आले. अंतर आणि खर्च लिहिल्यावर राख भरावात, विटांत, सिमेंटमध्ये जाऊ लागली. तरीही राखेचे डोंगर संपलेले नाहीत. जुलै २०२२ मध्ये नागपूरजवळ कोराडी केंद्राच्या खसाळा येथील राख तलावाचा बांध फुटला आणि राख शेतांत, नाल्यांत पसरली. विदर्भात एकीकडे राख साठवायला जागा नाही आणि दुसरीकडे रस्त्यासाठी टेकडी फोडणे चालू, हे दृश्य पाहणाऱ्याला प्रश्न पडतो की यात सर्वांत स्वस्त नेमके काय होते.

नेदरलँड्समध्ये रस्ते आणि जलमार्ग सांभाळणारे राइक्सवाटरस्टाट नावाचे जुने सरकारी खाते आहे, १७९८ साली सुरू झालेले. देशाचा मोठा भाग पाण्याशी भांडून मिळवलेला, त्यामुळे मातीची किंमत त्यांना निराळी सांगावी लागत नाही. तिथे बोली लावणाऱ्याच्या आराखड्याने पर्यावरणावर किती भार पडेल तो युरोत मोजतात, आणि ज्याचा भार कमी त्याच्या बोलीतून तुलनेपुरती काही रक्कम वजा धरतात. काम मिळाले की पैसे मूळ बोलीप्रमाणेच. म्हणजे त्यांनी 'सर्वांत कमी किती' हा प्रश्न सोडला नाही. 'कमी'चा अर्थ बदलला. मला हे फार शहाणपणाचे वाटते. आपल्याकडेही वाट अगदी बंद नाही. २९ ऑक्टोबर २०२१ च्या केंद्रीय अर्थ मंत्रालयाच्या सूचनांनी निवडक कामांत गुणवत्तेला ३० टक्क्यांपर्यंत वजन देण्याची मुभा दिली आहे. लेखापरीक्षणात अडकण्याच्या भीतीने अधिकारी ती कितपत वापरतील हा वेगळा प्रश्न. कमी दराची निविदा स्वीकारली म्हणून कोणाची चौकशी झाल्याचे माझ्या ऐकिवात नाही.

मात्र डच पद्धत जशीच्या तशी आणावी असे मी म्हणणार नाही. तिला मोजणी लागते, मोजणीला सल्लागार लागतो, आणि सल्लागार परवडतो तो मोठ्या कंपनीला. महाराष्ट्रात छोट्या कामांचा वाटा मजूर सहकारी संस्था आणि सुशिक्षित बेरोजगार अभियंते यांना देण्याची पद्धत आहे. तिच्यात गैरप्रकार झाले, कागदोपत्री संस्था निघाल्या, हे सगळे खरे. पण तिच्यामागचा हेतू हाही खरेदीतला शहाणपणाच होता. सरकारी पैशाने रस्ता तर व्हावाच, शिवाय चार माणसांना पोटही मिळावे. उद्या 'हरित प्रमाणपत्र' ही पात्रतेची अट झाली तर हे छोटे लोक पहिल्याच फेरीत बाद होतील आणि टेकडी फोडणारी मोठी कंपनी चकचकीत अहवाल जोडून आत येईल. म्हणून माझी मागणी प्रमाणपत्राची नाही. माझी मागणी एका ओळीची आहे: निविदा काढणाऱ्या खात्याने माती, मुरूम, खडी, पाणी कुठून येणार ते ठिकाण स्वतः निश्चित करून, गट क्रमांकासह निविदेत लिहावे, ते गावाच्या चावडीवर लावावे आणि मगच दर मागवावेत. त्या जबाबदारीचे ओझे आज कंत्राटदारावर ढकलले जाते, त्यामुळे ती कोणाचीच राहत नाही. अंतर वाढले तर लीडचा खर्च खात्याने उचलावा. रस्ता काहीसा महाग होईल, हे मान्य करूनच मी हे म्हणते आहे.

हे लिहिताना माझे हात स्वच्छ आहेत असा दावा नाही. आमच्या महाविद्यालयाच्या खरेदी समितीवर मी सहा वर्षे आहे. तीन दरपत्रके मागवायची, तुलनात्मक तक्ता करायचा, सर्वांत कमी दराभोवती लाल गोल करायचा, सह्या. ग्रंथालयासाठी अशाच पद्धतीने घेतलेल्या संदर्भग्रंथांच्या स्वस्त आवृत्त्या दोन वर्षांत उसवल्या. त्यातल्या एकाची पाने आता दोऱ्याने बांधून ठेवली आहेत. दुसऱ्या दरपत्रकात शिवणबांधणीची आवृत्ती होती, दोनशे रुपये जास्त. तक्त्याखाली माझी सही आहे.

पुढच्या आठवड्यात सकाळच्या वर्गाला मी एक स्वाध्याय दिला. वळणरस्त्याची तीच निविदा सूचना घ्या आणि तिच्यात 'कामास लागणारी माती' असा एक रकाना वाढवून भरा. बहुतेकांनी 'शासकीय नियमानुसार' असे लिहून टाकले. त्यांचे प्रशासकीय मराठी चांगले झाले आहे, याबद्दल मला समाधान वाटायला हवे होते. त्या मुलीने मात्र गावाचे नाव, गट क्रमांक, 'गायरान' आणि टेकडीचे गावात चालणारे नाव लिहिले. शेजारच्या रकान्यात, जो मी सांगितलाच नव्हता, 'परत केव्हा' असे लिहून पुढे रेघ ओढून जागा मोकळी सोडली होती. वही परत देताना मागच्या बाकावरून कोणी तरी विचारले, "मॅडम, हा रकाना परीक्षेत लिहायचा का?" मी म्हटले, नको, परीक्षेत बयाणा रक्कम लिहा, त्याला गुण आहेत.